बंद गाडीला किक मारायची घाई, अन् भंगारात घालायची त्याहून घाई



आज कांदा चाळीवर लिहिणार होतो. ते पुढच्या वेळी. आज विषय मोटारसायकलचा आहे.

शेतीच्या नोंदीत मोटारसायकल कशाला, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं पहाटे साडेपाचला आपल्या गावच्या चौकात उभं राहून बघावं. दुधाचे कॅन गाडीवर, पेंडीचं पोतं गाडीवर, औषधाच्या बाटल्या गाडीवर, विहिरीवरची मोटर जळाली की तीपण मांडीवर घेऊन गाडीवरच. विळ्या-खुरप्यानंतर शेतकऱ्याचं सगळ्यात जास्त वापरातलं अवजार आज हेच आहे. अन् ह्याच अवजाराच्या बाबतीत आपण सगळ्यात जास्त आळशी आहोत. राग आला तर येऊ द्या. मी स्वतःला धरूनच बोलतोय.

घडलं ते सांगतो.

माझे थोरले बंधू २०२१ च्या मे महिन्यात कोरोनात गेले. त्यांची २०११ ची स्प्लेंडर होती. दहा वर्षं त्यांनी ती स्वतः राखली, दुसऱ्याच्या हातात कधी दिली नाही. दिवस झाल्यावर ती गाडी मीच खताच्या खोलीत ढकलली. टाकीत अर्धं पेट्रोल. एका अंगाला युरियाची पोती, दुसऱ्या अंगाला पोटॅश. साईड स्टँडवर लावली, वर बारदान टाकलं, दार ओढून घेतलं. त्या गाडीकडं बघवत नव्हतं, हे खरं आहे. पण बघवत नव्हतं म्हणून टाकी रिकामी करायची राहिली, ही काही सबब होत नाही. चार पावसाळे गाडी तशीच उभी.

यंदा उन्हाळ्यात पुतण्यानं दोन गाई घेतल्या. दूध केंद्र आमच्या वस्तीपासून साडेतीन किलोमीटर. रोज कुणाच्या तरी गाडीवर कॅन लावायचा, त्याच्या वेळेवर आपली धार काढायची, असं चाललं होतं. वहिनी म्हणल्या, "भावजी, ह्यांची गाडी हाय की. काढा बाहेर." मी म्हणलं, बघू. माझं बघू दोन आठवडे चाललं. तेवढ्यात पुतण्या आणि त्याच्या दोन मित्रांनी गाडी बाहेर ओढली.

त्यांनी काय केलं ते नीट वाचा, कारण दहातले नऊ जण हेच करतात. जुन्या पेट्रोलवर शंभरचं नवं पेट्रोल ओतलं. किक मारली, किक अर्ध्यात अडकली. मग एकानं दोन्ही पाय देऊन किकवर उडी मारली. तरी होईना म्हणून गाडी दुसऱ्या गिअरात टाकून बांधावरच्या उताराला ढकलली. मागचं चाक फिरायच्या ऐवजी मातीत घासत गेलं. शेवटी टेम्पोत घालून तालुक्याला एका गॅरेजवर नेली.

गॅरेजवाल्यानं किक दोनदा हलवून बघितली आणि निकाल दिला. इंजिन जाम आहे. बोअर-पिस्टन करावं लागेल, हेडचं काम निघेल, कार्बोरेटर नवा, बॅटरी नवी. १८ हजार. "एवढं घालण्यापेक्षा देऊन टाका," हेही वर सांगितलं. शेजारी भंगारवाला होताच, तो ४ हजार म्हणला. आणि संध्याकाळच्या आत पुतण्याच्या मोबाईलवर नव्या गाडीचा हिशेब आला : १२ हजार भरा, २,९०० रुपये हप्ता, ३६ महिने. पोरगं खूष होतं. त्याचा दोष नाही, त्या वयात नवी गाडी कुणाला नको असते?

रात्री मी तो हिशेब वहीत मांडला. १२ हजार आणि ३६ हप्त्यांचे १,०४,४०० मिळून १,१६,४०० रुपये. दुधाला ३२ रुपये दर धरला तर नुसत्या हप्त्याला महिन्याला ९० लिटर दूध. म्हणजे दोन गाईंतल्या एकीचं सहा-सात दिवसांचं सगळं दूध त्या गाडीच्या नावावर, तीन वर्षं. पेंड, वैरण, डॉक्टर वेगळं. गाई घेतल्या दुधाच्या पैशासाठी आणि पैसा जाणार दूध वाहायच्या गाडीला.

माझा राग गॅरेजवाल्यावर कमी आहे. इंजिन जाम आहे हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण जाम होणं वेगळं आणि निकामी होणं वेगळं. प्लग न काढता, टाकीत न बघता, कार्बोरेटरची वाटी न उघडता त्यानं १८ हजारांचा आकडा सांगितला, आणि आपण तो ऐकून घेतला. शेतात आपण हेच सहन करतो. माती न तपासता दुकानदार खताचा डोस लिहून देतो, पान उलटं करून न बघता औषध हातात देतो. तिथं तरी कृषी सहायक, शास्त्रज्ञ लोक आपल्याला ओरडून सांगतात की आधी तपासा, मग खर्च करा. गाडीच्या बाबतीत ओरडणारं कुणी नाही, म्हणून मी ओरडतोय.

दुसऱ्या दिवशी गाडी परत आणली आणि गोठ्याच्या पडवीत उभी केली. मी काही मेकॅनिक नाही. दहावी पास माणूस, पण डिझेल इंजिन, पाण्याच्या मोटरी आणि फवारणी पंप ह्यांच्यात तीस वर्षं हात काळे केलेत. जे केलं ते क्रमानं लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं काम म्हणजे किकला हात लावायचा नाही. चार वर्षं उभ्या इंजिनात ऑइल सगळं खाली उतरलेलं असतं. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर कोरडे पडलेले असतात, दमट हवेनं त्यांच्यावर बारीक गंज धरतो. त्यावर उडी मारली की गंज सिलिंडर ओरखडतो, नशीब वाईट असेल तर रिंग तुटते. म्हणजे हजाराचं काम आठ हजारांवर जातं आणि आपण म्हणतो गाडीच खराब होती. शिवाय चालू झालीच, तर टाकीतला सगळा गाळ आधी कार्बोरेटरात आणि मग इंजिनात ओढला जातो.

मी प्लग काढला. प्लगच्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल आणि थोडं डिझेल सोडलं, भोकावर फडकं लावलं आणि दोन रात्री तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी गाडी मेन स्टँडवर, टॉप गिअर टाकला, आणि मागचं चाक हातानं पुढं-मागं, पुढं-मागं हलवलं. जोर लावला नाही, नुसतं डोलवलं. पहिली दहा मिनिटं काही नाही. मग एक केसभर हललं. अर्ध्या तासात पिस्टन मोकळा झाला. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून पुतण्याला हातानं किक फिरवायला लावली, हवेनं अंगठा उडवला. म्हणजे दाब शाबूत. ज्या बोअर-पिस्टनला हजारो रुपये लागणार होते त्याला दोन चमचे ऑइल आणि दोन रात्री लागल्या.

ह्याच वेळी आणखी एक बघून घ्या. उभ्या गाडीत क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. गिअर टाकून क्लच दाबला तर चाक सुटं फिरलं पाहिजे. फिरत नसेल आणि तशीच गाडी चालू करून गिअर टाकला, तर ती क्लच दाबलेला असतानाही उडी घेते. गोठ्यात गाई बांधलेल्या असताना हा प्रयोग नको. आमच्या प्लेटा चाक हलवता हलवताच सुटल्या.

मग उंदीर. फिल्टरचा डबा उघडला तर आत ज्वारीची कणसं, बारदानाचे धागे आणि पूर्ण घर. फिल्टर कुरतडलेला. तशीच चालू केली असती तर तो भुसा कार्बोरेटरात गेला असता. सायलेन्सरचं तोंड, सीटखालच्या वायरी, हेडलाईटच्या मागची जागा, सगळीकडं बॅटरी मारून बघा. आमच्या दोन वायरी खाल्लेल्या होत्या, जोडून टेप मारला.

आता टाकी. जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. रंग चहासारखा, वास वॉर्निशसारखा, आणि तळाला बोटभर वेगळा थर. तो थर कशाचा? आपल्याच उसाचा, मंडळी. पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आता तर २० टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीच्या झाकणातून दमट हवा जाते, टाकीच्या पत्र्याला आतून घाम सुटतो, ते पाणी इथेनॉल धरतं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की दोघं मिळून पेट्रोलपासून फुटून तळाला बसतात. तळालाच कॉक असतो. म्हणजे इंजिनाला पहिला घोट पाण्याचा.

हे वाचून इथेनॉलच्या नावानं बोटं मोडू नका. आपल्या भागातल्या कितीतरी घरांची उसाची बिलं त्यावर निघतात. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल आठवड्यात संपतं, थर बसायला वेळच मिळत नाही. चार वर्षं टाकीत ठेवायला ते पेट्रोल कुणी बनवलेलंच नाही. चूक ठेवणाऱ्याची, म्हणजे माझी.

काढलेलं जुनं पेट्रोल बांधावर ओतू नका आणि चुलीत तर नकोच. आम्ही डब्यात भरून, काळ्या ऑइलबरोबर, ते घेणाऱ्या गॅरेजला दिलं.

टाकीला आत गंज होता. इथं शेतकऱ्याचा फायदा असा की ठिबक धुवायला आणलेलं फॉस्फोरिक ॲसिड घरात होतं. ते गंज काढतं. कॉक सोडवून भोक बुचानं बंद केलं. पाच भाग पाणी आणि एक भाग ॲसिड. ठिबकवाल्यांना नियम पाठ आहे, तरी परत सांगतो : आधी पाणी, त्यात ॲसिड. ॲसिडात पाणी कधीच नाही. हातात रबरी मोजे, डोळ्याला चष्मा. रंगावर थेंब पडू देऊ नका. आत मूठभर छोटे नट टाकून अर्धा तास हलवलं, मग रात्रभर ठेवलं. सकाळी ओतलं, नट मोजून बाहेर काढले, खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतलं, मग साध्या पाण्यानं दोनदा, आणि उन्हात झाकण उघडं ठेवून पूर्ण वाळवलं. वाळल्याबरोबर आत थोडं ऑइल फिरवलं, नाहीतर धुतलेल्या पत्र्यावर दुसऱ्या दिवशी परत तांबूस थर येतो.

कार्बोरेटर हा खरा रोगाचा मुक्काम. खालची वाटी सोडली तर आत हिरवट-पांढरं मीठ आणि डिंकासारखा थर. त्यात दोन पितळी जेट असतात, एक मोठा, एक बारीक. बारीक जेटचं भोक इतकं लहान असतं की आधी तेच बुजतं. गाडी फक्त चोकवर चालते आणि चोक काढला की मरते, ही तक्रार असेल तर बहुतेक वेळा हाच जेट. तो साफ करायला सुई, टाचणी, लोखंडी तार वापरू नका. पितळ मऊ, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिणारी होते. क्लीनरचा फवारा मारा, हवा मारा, फारच झालं तर विजेच्या वायरमधला तांब्याचा एकच बारीक धागा. मी सगळे भाग रात्रभर क्लीनरमध्ये बुडवून ठेवले, सकाळी पंक्चरवाल्याकडं हवा मारून घेतली. जेट डोळ्यासमोर धरून उजेड आरपार गोल दिसला पाहिजे. गॅस्केट आणि फ्लोटची सुई नवी टाकली. पेट्रोलचा पाइप कडक होऊन तडकला होता, तोही बदलला. हा पाइप स्वस्त म्हणून कुणी बदलत नाही, आणि गळका पाइप गरम इंजिनावर ठिबकला तर पूर्ण गाडी जाते.

स्पार्क बघितला. नवा प्लग टोपीत घालून इंजिनाच्या हेडला टेकवला, किक फिरवली, निळी ठिणगी पडली. हे करताना पेट्रोल, क्लीनर, फडकी सगळं लांब ठेवा. गॅरेजवाला आधी बॅटरी बदला म्हणत होता. ह्या जुन्या स्प्लेंडरची ठिणगी मॅग्नेटोवर चालते, बॅटरी मेलेली असली तरी गाडी चालू होते. बॅटरी हॉर्न आणि इंडिकेटरला लागते. ती घ्यायचीच आहे, पण शेवटी. सुरुवातीला पैसे घालायची जागा ती नव्हे.

इंजिन ऑइल बदललं. जुनं दुधाळ निघालं, म्हणजे त्यात पाण्याचा अंश गेलेला. "गाडी चाललीच नाही, मग ऑइल कसं खराब झालं?" असं पुतण्या म्हणला. बी फक्त पिशवीत ठेवलं तर त्याची उगवण कमी होते की नाही? तसंच. नवं ऑइल घालून, प्लग न लावता पंधरा-वीस किक हातानं फिरवल्या, म्हणजे ऑइल वरपर्यंत चढतं.

एवढं झाल्यावर टाकीत लिटरभर ताजं पेट्रोल, चोक ओढला, आणि किक पुतण्याला मारायला लावली. पाचवीला फुरफुरली, आठवीला चालू झाली. सुरुवातीला पांढरा धूर भकभक आला, ते सिलिंडरात सोडलेलं ऑइल जळत होतं. दहा मिनिटांत धूर थांबला, चोक काढला, गाडी जागेवर ठोक्यात चालत राहिली. आवाज ऐकून वहिनी बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

पण चालू झाली म्हणजे झाली नाही, ही आपली दुसरी मोठी चूक. चालू झालेली गाडी लगेच रस्त्यावर काढायची, कॅन लावायचा, मागं माणूस बसवायचा. थांबायची सोय झाली का ते कोण बघतं? आमचे ब्रेक लायनर चकाकून काचेसारखे झाले होते, मागच्या ब्रेकचा खटका गंजून अडकला होता. टायरवर नक्षी भरपूर, पण कडेला बोट घातलं तर चिरा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. आमच्यावर ३२१६ होतं, म्हणजे २०१६ च्या बत्तिसाव्या आठवड्यातलं. नऊ वर्षांच्या रबरावर चाळीस लिटर दूध आणि पोरगं पाठवायचं का? दोन्ही टायर-ट्यूब, लायनर, चेन-स्प्रॉकेट आणि दोन्ही वायरी नव्या केल्या. इथं काटकसर करणारा माणूस मला शहाणा वाटत नाही.

आता हिशेब, कारण तुम्ही तोच विचारणार.

प्लग ११०. ऑइल ३८०. कार्बोरेटरचं किट २५०. पाइप आणि छोटा फिल्टर ८०. एअर फिल्टर १६०. मागचा टायर-ट्यूब १,७५०. पुढचा १,४००. चेन-स्प्रॉकेट १,०५०. ब्रेक लायनर ४२०. क्लच आणि ॲक्सिलरेटर वायर २६०. बॅटरी ७५०. क्लीनर, फडकी, धुवायचं पेट्रोल २४०. बेरीज ६,८५०. आठ दिवस संध्याकाळचे दोन-दोन तास दोघांचे गेले, त्याची मजुरी धरली नाही, धरायची तर धरा.

कागदाचा खर्च वेगळा आणि तो टाळू नका. गाडी बंधूंच्या नावावर होती. मालक वारला की गाडी आपोआप वारसाची होत नाही, आरटीओत फॉर्म ३१ भरून नाव लावावं लागतं. हे तेव्हाच तीन महिन्यांत करायला हवं होतं, आम्ही चार वर्षं लावली. मेलेल्या माणसाच्या नावावरची, विमा संपलेली गाडी रस्त्यावर काढली आणि कुणाला धक्का लागला तर जमीन विकायची वेळ येते. नाव आता वहिनींच्या नावावर लावलं. विमा, पीयूसी, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना लागणारी नवी सुरक्षा नंबरप्लेट, सगळं मिळून ३,२०० च्या आसपास गेले. पुढच्या वर्षी गाडीला १५ वर्षं होतात, तेव्हा तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यायची आहे, पर्यावरण करही भरायचा आहे. ते आत्ताच वहीत लिहून ठेवलंय.

म्हणजे रस्त्यावर आली दहा हजारांत. एकीकडं १,१६,४००, एकीकडं १०,०५०.

ह्यावर मला काय ऐकावं लागलं तेही सांगतो. एक जण म्हणला, "तात्या, तुमच्याकडं वेळ हाय म्हणून चाललं. आमचा वेळ महाग आहे." बाबा, तुझा वेळ महाग आहे तर त्या ९० लिटर दुधाला लागणारा वेळ कुणाचा? धार कोण काढतं, शेण कोण उचलतं? घरच्या बाईचा वेळ फुकट आणि आपला तेवढा महाग, हा हिशेब मला मान्य नाही.

दुसरा म्हणला नवी गाडी म्हणजे निश्चिंती. थोडं खरं आहे. ज्याच्या खिशात रोख आहे, ज्याला रोज साठ-सत्तर किलोमीटर जायचंय, त्यानं नवी घ्यावी, आनंदानं घ्यावी. मी नव्या गाडीच्या विरोधात नाही. जुनी न उघडता कर्ज काढण्याच्या विरोधात आहे.

आणि प्रत्येक जुनी गाडी वाचवा, असंही माझं म्हणणं नाही. चेसी गंजून पत्र्यासारखी सोलत असेल, हँडलखालच्या मानेला तडा असेल, गाडी पुराच्या पाण्यात बुडून तशीच राहिली असेल, इंजिनातून ठणठण आवाज येऊन खालचं बेअरिंग गेलं असेल, कागदच नसतील, तर द्या भंगारात, पण आरटीओत नोंद रद्द करून द्या. पण हे सगळं उघडून, बघून, मग ठरवा. भंगारवाल्याला चार हजारात दिसतं ते आपल्याला का दिसत नाही? तो ती गाडी वितळवायला नेत नाही हो. चाकं, कार्बोरेटर, मॅग्नेटो, टाकी सुटी करून तोच माल विकतो.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं. ही गोष्ट एका मोटारसायकलची नाही. तुमच्या खोलीत कोपऱ्यात पेट्रोलचा फवारणी पंप आहे का? गवत कापायचं मशीन? छोटा पॉवर टिलर, पेट्रोलवरचा पाण्याचा पंप? मागच्या हंगामात शेवटची फवारणी झाल्यावर तो पंप कसा ठेवला? टाकीत उरलेल्या पेट्रोलसकट. मग ह्या जूनमध्ये दोरी ओढून खांदा निखळतो, मिस्तरी कार्बोरेटर नवा सांगतो, आणि ऐन किडीच्या दिवसांत पंप चार दिवस दुकानात पडतो. दरवर्षी.

कांदा चाळीत भरताना आपण काय काय करतो? पात सुकवतो, मान पिळलेली बघतो, चिंगळी आणि जोड वेगळा काढतो, खालून हवा ठेवतो. कारण ठेवण्यात चुकलो तर माल सडतो हे आपल्याला बापजाद्यांपासून माहीत आहे. मग लोखंडाला तोच न्याय का नाही?

महिन्यापेक्षा जास्त उभं राहणार असेल तर एवढं करा. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सोडून उरलेलं काढा. टाकी पूर्ण रिकामी करून आत ऑइल फिरवा. इंजिन ऑइल बदलून मगच उभी करा, जुनं काळं ऑइल आत ठेवू नका. प्लगच्या भोकात चमचाभर ऑइल. मेन स्टँडवर लावा, टायर जमिनीला दबून राहू देऊ नका. बॅटरी काढून घरात. सायलेन्सरच्या तोंडात फडकं, आणि आपल्यालाच आठवण राहावी म्हणून ते लाल घ्या. वर सुती कापड, प्लास्टिक नको, आत घाम धरतो. आणि खतापासून लांब. युरिया हवेतलं पाणी ओढतो, आणि आपण पांढरं-लाल पोटॅश म्हणतो ते एक प्रकारचं मीठच आहे. त्याच्या शेजारी लोखंड ठेवणं म्हणजे लोणच्यात विळा ठेवण्यासारखं. बंधूंच्या गाडीचं पोटॅशच्या बाजूचं मडगार्ड आजही खरवडल्यासारखं आहे, ते मी मुद्दाम रंगवलं नाही. रोज माझ्या डोळ्यासमोर राहू दे.

ह्या सगळ्याला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास मी २०२१ मध्ये दिला नाही, म्हणून घरातलं पोरगं १,१६,४०० च्या कर्जाच्या दारात जाऊन उभं राहिलं. तिथून ते परत आलं हे बरं झालं.

गाडी आता महिनाभर रोज दोन वेळा केंद्रावर जाते. दोनशे किलोमीटरला ऑइल परत एकदा बदललं, कारण पहिल्या ऑइलनं आतली घाण उचललेली असते. पुतण्या स्वतः प्लग काढतो, घासतो, बसवतो. नवी गाडी घ्यायची त्याची इच्छा गेलेली नाही. मी म्हणलं घे, दुधाचे पैसे साठवून रोखीनं घे.

आज घरी गेल्यावर तुमच्या खोलीतलं बारदान उचलून बघा. खाली काय उभं आहे, त्याच्या टाकीत काय आहे, एवढं तरी बघा. किक मात्र मारू नका.

राम राम.